काही होत नाही

ट्रॅक्टर या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर मी ताठ मानेने सांगेन, की मी गेली वीस-बावीस वर्षं ट्रॅक्टर भरतो आहे. चालवत नाही, भरतो. कर्जप्रकरणाच्या फॉर्मात. इंजिन नंबर, चॅसी नंबर, हॉर्सपॉवर, मार्जिन, हप्ता आणि जामीनदाराची सही. ट्रॅक्टरला गिअर किती असतात हे मला एकदम सांगता येणार नाही, पण त्याला कागद किती लागतात हे मी झोपेतही सांगेन. शेतकऱ्याला त्याचा ट्रॅक्टर लाल दिसतो किंवा निळा दिसतो. मला तो 'नजरगहाण' दिसतो.

नजरगहाण हा बँकेतला माझा सर्वांत आवडता शब्द. सोनं गहाण ठेवलं तर ते तिजोरीत येतं. ट्रॅक्टर तिजोरीत मावत नाही. (आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी माणसंसुद्धा मावत नाहीत.) म्हणून तो शेतकऱ्याच्याच दारात उभा राहतो, तोच चालवतो, तोच पुसतो, बँक फक्त नजर ठेवते. वस्तू तुमच्या ताब्यात आहे, पण सर्वस्वी तुमची नाही, असा त्याचा अर्थ. हा शब्द वाचकांनी जरा बाजूला काढून ठेवावा. मागाहून उपयोगी पडेल.

आमचं दोंडाईचा धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर. गावाची कीर्ती मिरचीची. हंगामात मार्केट यार्डाच्या बाजूने वारा सुटला की अर्धं गाव शिंकतं. आमचा कॅशियर नोटा मोजता मोजता सत्त्याहत्तरावर शिंकतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो. रस्त्यावर एकामागे एक ट्रॅक्टर, प्रत्येकामागे ट्रॉली, ट्रॉलीत पोती, पोत्यांवर माणसं आणि सगळ्यांत उंच पोत्यावर एक निवांत झोपलेला. "अरे, पडेल की तो!" असं बाहेरगावचा पाहुणा ओरडला, तर उत्तर ठरलेलं : "काही व्हत नही." हे अहिराणी झालं. शुद्ध मराठीत, 'काही होत नाही.' खानदेशातला निम्मा व्यवहार या तीन शब्दांवर चालतो. उरलेला उधारीवर.

गंमत अशी, की हे वाक्य बहुतेक वेळा खरं ठरतं. खरोखरच काही होत नाही! तो झोपलेला माणूस सुखरूप घरी जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पोत्यावर झोपतो. आणि त्यातूनच एक प्रश्न निघतो, ज्याने गेली काही वर्षं माझी दुपारची झोप उडवली आहे. काही झालं नाही, म्हणजे काही चुकलं नाही का?

प्रश्न जड आहे, बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात तो नव्हता. म्हणून मी त्याच्याकडे जसा पोहोचलो तसाच, म्हणजे सासुरवाडीच्या रस्त्याने, तुम्हाला नेतो.

सासुरवाडी दोंडाईच्यापासून सायकलच्या अंतरावर. तिथे माझा मेहुणा शेती करतो. बायकोचा धाकटा भाऊ. मला 'दाजी' म्हणतो आणि त्या एका शब्दात आदर, दया आणि 'ह्यांना काय कळतंय' असे तिन्ही अर्थ बसवतो. नऊ वर्षांपूर्वी त्याने नवा ट्रॅक्टर घेतला. त्या वर्षी खंडेनवमीला मी सकाळीच तिकडे गेलो होतो. खंडेनवमीला खेड्यात ट्रॅक्टरची आंघोळ असते. घरातल्या पोरांची झाली नाही तरी चालते.

मेहुण्याची पद्धत अशी : इंजिन चालू, मागे रोटाव्हेटर लिफ्टवर अधांतरी उचललेला, आणि त्याच्या पात्यांखाली पाठीवर झोपून हा पठ्ठ्या पात्यांना गुंडाळलेली सुतळी आणि मक्याची ताटं विळ्याने कापतो आहे. वरून त्याचा सालदार पाण्याचा पाइप धरून तापल्या इंजिनावर मारतो आहे. वाफेचे लोट. मधूनच बॅटरीला अभिषेक.

"अरे, इंजिन तरी बंद कर," मी म्हटलं.

"दाजी, इंजिन बंद केलं तर लिफ्ट खाली बसेल ना!" आतून आवाज आला. "चालू आहे तोवर काही होत नाही."

मी ओट्यावर जाऊन बसलो. तिथे बिस्किटांचा एक जुना डबा होता. त्यात आर.सी. बुक, विम्याचे कागद, आमच्याच बँकेचं पासबुक आणि तळाशी, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा न फोडलेलं, ट्रॅक्टरचं माहितीपुस्तक. कारकुनाला छापील कागद दिसला की तो वाचतोच. मी पिशवी फोडली. त्यात सफाईच्या प्रकरणाच्या आरंभीच लिहिलं होतं : अवजार जमिनीवर टेकवा, पीटीओ बंद करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, किल्ली काढून घ्या, सगळं फिरायचं थांबेपर्यंत थांबा. मगच हात घाला. मेहुण्याने यातलं एकही केलं नव्हतं. एका अर्थी त्याने पुस्तक न वाचताच तंतोतंत पाळलं होतं. फक्त उलट्या बाजूने.

पुढे पीटीओची माहिती होती. ट्रॅक्टरच्या मागच्या अंगाला जो फिरता दांडा असतो, ज्यावर रोटाव्हेटर चालतो, तो हा पीटीओ. त्याची गती मिनिटाला ५४० फेरे. मी हिशेबाचा माणूस. लगेच भागाकार केला. सेकंदाला नऊ. "अरे!" म्हणायला माणसाला एक सेकंद लागतो. तेवढ्या वेळात त्यात अडकलेल्या उपरण्याचं टोक नऊ वेळा गुंडाळलं गेलेलं असतं, आणि उपरण्याचं दुसरं टोक बहुधा मानेभोवती असतं. मी ओट्यावरून उठलो आणि सालदाराच्या गळ्यातलं उपरणं काढायला लावलं. त्याला वाटलं, पाव्हण्यांना उकडतंय, वारा घ्यायला हवं असेल. त्याने अदबीने मला ते देऊन टाकलं.

त्याच संध्याकाळी माझ्या आत्येभावाचा अमेरिकेतून दसऱ्याच्या शुभेच्छांचा व्हिडिओ कॉल आला. तो न्यू जर्सीला असतो. पाहतो तर तोही एका चिमुकल्या ट्रॅक्टरवर बसलेला! मेहुण्याने मान पुढे काढली. आत्येभावाने सांगितलं, की हे गवत कापायचं यंत्र आहे. यावर बसून घरामागची हिरवळ कापतात. खाली पोटाशी आडवी पाती फिरतात.

"कापलेलं गवत म्हशीला घालता का?" मेहुणा.

"म्हैस नाही आमच्याकडे. फेकून देतो."

मेहुणा बराच वेळ गप्प होता. मग त्याने मला हळूच विचारलं, "दाजी, मग लावतात कशाला?"

पण त्या यंत्राची खरी करामत पुढेच होती. पाती फिरत असताना चालकाने सीटवरून बूड उचललं की यंत्र आपोआप बंद. सीटखाली एक खटका असतो. वजन गेलं की त्याला कळतं, बसणारा उठला. (अशी खुर्ची आमच्या शाखेत बसवली तर चहाच्या वेळी सबंध बँक बंद पडेल.) आत्येभाऊ कौतुकाने सांगत होता : उतारावर सरळ वर-खाली चालवायचं, आडवं घालायचं नाही, नाहीतर कलंडतं. मागे घेताना आधी वळून पाहायचं, पोरंबाळं आसपास असताना यंत्र सुरूच करायचं नाही. साफ करताना किल्ली काढायची आणि स्पार्क प्लगची वायरसुद्धा सोडवून ठेवायची. दुरुस्तीला न्यायचं तर रुंद फळ्यांवरून हळूहळू गाडीत चढवायचं, पाती बंद, हँडब्रेक लावलेला, आणि चारी कोपऱ्यांना पट्टे आवळून बांधायचं.

"म्हणजे मालकापेक्षा सीटच हुशार म्हणा की," मेहुणा म्हणाला. "आपल्यावर विश्वासच नाही यंत्राचा!"

मला मात्र ती सीट फार ओळखीची वाटली. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. नोकरीला लागलो तेव्हा मला हा माझ्या प्रामाणिकपणाचा अपमान वाटला होता. आता वाटत नाही. दोन किल्ल्या असतात त्या दोघे चोर आहेत म्हणून नव्हे. दोघे माणसं आहेत म्हणून. माणूस दमतो, घाईत असतो, त्याची मुलगी आजारी असते, सुपारी आडकित्त्यात असते. यंत्र आणि तिजोरी या दोघांनीही माणसाचा अभ्यास चांगला केलेला आहे. स्वीडनने तर १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरला डोक्यावर लोखंडी चौकट सक्तीची केली. ट्रॅक्टर उलटला तरी चालक खाली चेंगरू नये म्हणून. 'आमचे शेतकरी ट्रॅक्टर उलटवतीलच' असं सरकारने गृहीत धरलं, शेतकऱ्यांना राग आला असेल तो आला, पण पुढच्या काळात असे मृत्यू फार कमी झाले.

हे मी मेहुण्याला समजावून सांगणार, इतक्यात आत्येभाऊ आवाज खाली करून म्हणाला, "आमच्या शेजाऱ्याने तो सीटचा खटका वायर लावून कायमचा दाबून टाकलाय. खड्डा आला की बंद पडायचं म्हणे. मी म्हटलं, अरे, हे बरं नाही. तर म्हणतो कसा, काही होत नाही!"

मेहुण्याचा चेहरा उजळला. सातासमुद्रापलीकडे त्याला एक सख्खा भाऊ मिळाला होता.

इथवर सगळी गंमत. आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, आणि म्हणूनच इतका वेळ गंमत सांगत बसलो.

दिवाळी झाली. हरभऱ्यासाठी रान तयार करणं चाललं होतं. एका रविवारी मी सासुरवाडीला गेलो असता मला ट्रॅक्टर चालवायची हौस आली. इतकी वर्षं कागदावर भरलेली वस्तू एकदा तरी बुडाखाली घ्यावी! मेहुणा म्हणाला, "बसा दाजी, काही होत नाही." तो डाव्या मडगार्डवर बसला. उजव्या मडगार्डवर त्याची मुलगी, सात वर्षांची. खानदेशात आत्याच्या नवऱ्याला फुवा म्हणतात. "फुवा, मी बी!" म्हणाली आणि चढली. मी नको म्हटलं नाही. उलट मला बरंच वाटलं. माझं कौशल्य पाहायला कुणीतरी हवं होतं.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पॅडल असतात, हे मी माहितीपुस्तकात वाचलेलं होतं. डावं दाबलं तर डावं चाक थांबतं, उजवं दाबलं तर उजवं. शेतात जागच्या जागी वळता यावं म्हणून. रस्त्यावर दोन्ही खिट्टीने जोडून टाकायची असतात. वाचलेलं होतं; पण पाय वाचत नाही. माझा पाय स्कूटरवर शिकलेला. समोर बांध आला, मी घाबरलो आणि ब्रेक दाबला. एकच. डावा.

ट्रॅक्टरने डावीकडे असा हिसका दिला, की मी स्टिअरिंगला लटकलो. उजव्या मडगार्डवर कुणी नव्हतं. माझ्या हातून काहीही झालं नाही, ना क्लच दाबला गेला, ना इंजिन बंद केलं गेलं. पुढचं चाक बांधाला अडलं आणि इंजिन आपसूक बंद पडलं. मी पाडलं नाही, ते पडलं.

मुलगी मोठ्या चाकासमोर नांगरटीत पडली होती. उठून बसली. एक पाय अनवाणी. चप्पल चाकाखाली होती.

मेहुण्याने तिला उचललं, झटकलं, हातपाय ओढून पाहिले. ती रडलीसुद्धा नाही. मऊ मातीत पडल्याची तिला मौजच वाटली. मग त्याने ट्रॅक्टर वीतभर मागे घेतला आणि चप्पल काढली. लाल रंगाची होती. तिची पापडासारखी चपटी पट्टी झाली होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. त्याने ती चप्पल बांधापलीकडे फेकली आणि म्हणाला, "काही झालं नाही, दाजी."

घरी सांगितलं, की चप्पल शेतात हरवली. दुसऱ्या दिवशी मी दोंडाईच्याच्या बाजारातून नवा जोड आणला. त्या दिवसाचा माझा खर्च तेवढाच : लहान मुलीच्या चपलांचा एक जोड.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा असते. एकमुखी दत्ताचं दर्शन आणि घोड्यांचा मोठा बाजार. सासुरवाडीची मंडळी ट्रॉलीतून निघाली, मीही त्यात. ट्रॉली ही मालासाठी असते, माणसांसाठी नव्हे, असं कायदा सांगतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकही नसतो. उतारावर ती मागून ट्रॅक्टरलाच ढकलत येते. हे सगळं ठाऊक असलेला बँकेचा एक जबाबदार कर्मचारी गवताच्या गादीवर मांडी ठोकून बसला होता. आणि वाटेत मेहुण्याने गोष्ट काढली, दाजींनी एका ब्रेकवर ट्रॅक्टर कसा नाचवला ती. त्याने माझी नक्कल केली. सगळी ट्रॉली पोट धरून हसली. मुलगी सर्वांत जास्त हसली. मीही हसलो. चपलेचा भाग त्या गोष्टीत नव्हता. पुढे ही गोष्ट लग्नकार्यांत, बारशांत रंगत गेली आणि माझ्या विनोदी स्वभावाचा पुरावा म्हणून कायम झाली.

फाल्गुनात, मार्च एंडच्या धामधुमीत, माझ्या काउंटरपुढे एक शेतकरी येऊन उभा राहिला. कर्ज मुदतीआधी पूर्ण फेडायचं म्हणाला. अशी माणसं बँकेत क्वचित येतात; मी खूष होऊन फॉर्म काढला. त्यात एक रकाना असतो : कारण.

"ट्रॅक्टर इकी टाका, साहेब," तो म्हणाला. विकून टाकला. मी पेन तसंच धरून विचारलं, का बरं? नवाच तर होता.

तो थोडा वेळ काचेवर चिकटवलेल्या व्याजदराच्या तक्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पोऱ्या व्हता मडगार्डवर. मीच व्हतू ट्रॅक्टरवर."

एवढंच. मी 'कारण'पुढे 'वैयक्तिक' असं लिहिलं आणि म्हटलं, "सही इथे करा." इतक्या वर्षांच्या नोकरीत मला माझं कुठलं वाक्य परत घ्यावंसं वाटत असेल तर ते हे. पण त्याहून वाईट पुढे झालं. तो गेल्यावर आमचा शिपाई म्हणाला, "काय निष्काळजी माणसं असतात, साहेब! इतक्या लहान पोराला मडगार्डवर बसवायचं का?" आणि मी मान हलवली. हो म्हणून.

ती मान त्या दिवसापासून माझ्या मानेवर नीट बसलेली नाही.

कारण काउंटरच्या काचेच्या दोन बाजूंना आम्ही दोघे होतो. दोघांनीही पोराला मडगार्डवर बसू दिलं होतं. दोघांनाही कुणीतरी 'काही होत नाही' म्हटलं असणार, नाहीतर ते आम्ही स्वतःच स्वतःला म्हटलं असणार. त्याला लोक निष्काळजी म्हणत होते, मला विनोदी. आमच्यातला फरक काय? एक बांध. तोसुद्धा माझ्या मेहुण्याच्या आजोबांनी घातलेला.

त्या वेळी आमच्या शाखेत बदली होऊन आलेला एक अधिकारी होता, तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालेला. बँकेत तत्त्वज्ञान म्हणजे मिरचीच्या यार्डात गुलकंद. पण चहाच्या वेळी त्याला मी हा प्रश्न, माझं नाव वगळून, घातला. तो म्हणाला, हा तर प्रसिद्ध प्रश्न आहे. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल अशा दोन तत्त्वज्ञांनी यावर निबंध वाचले. ते याला नैतिक नशीब म्हणतात. नेगलच्या निबंधात एक ट्रकवालाच आहे. त्याने ब्रेक तपासून घ्यायचा कंटाळा केलेला. वाटेत पोर आडवं आलं तर तो जन्मभर स्वतःला अपराधी म्हणणार. नाही आलं तर तोच ट्रकवाला, तेच ब्रेक, तोच कंटाळा, आणि घरी जाऊन सुखाने जेवणार. पोर आडवं येणं न येणं त्याच्या हातात नव्हतं. मग अपराध कमीजास्त कसा झाला?

"मग उत्तर काय दिलं त्यांनी?" मी विचारलं.

"उत्तर देत नसतात," तो म्हणाला. "म्हणून तर तत्त्वज्ञ."

कायद्याने मात्र उत्तर दिलेलं आहे, आणि तेही दोन्हीकडून. हयगयीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, पण कुणाला काही झालं नाही, तरी तो गुन्हाच. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. त्याच हयगयीत कुणी मेलं, तर पूर्वीच्या दंड विधानात दोन वर्षांपर्यंत आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत. म्हणजे कायद्याच्या हिशेबी मीही गुन्हेगारच, फक्त स्वस्तातला. तीन महिने माझ्या पायाचे, आणि उरलेली चार वर्षं नऊ महिने त्या बांधाचे!

तत्त्वज्ञानाचं उत्तर नाही, कायद्याची दोन उत्तरं. अशा वेळी माणूस शेवटी आपल्या धंद्याकडे वळतो. मी हिशेबनिसाच्या डोक्याने विचार केला आणि मला वाटतं, मला थोडा उजेड दिसला.

जमाखर्च लिहिण्याच्या दोन पद्धती असतात. एक रोखीची : पैसे हातातून गेले की खर्च लिहायचा. दुसरी देय पद्धत : देणं ज्या दिवशी अंगावर आलं त्याच दिवशी लिहायचं, पैसे केव्हा का जाईनात. किराणा उधार आणला तर रोखवाला म्हणतो, माझा खर्च शून्य. देयवाला म्हणतो, आणला त्याच दिवशी खर्च झाला. वाणी दारात येणं ही पुढची गोष्ट. आपण सगळे पैशाच्या बाबतीत कितीही चोख असलो तरी चुकांच्या बाबतीत रोखवाले असतो. वाणी दारात आला तरच चूक मांडतो. आणि काही वाणी येतच नाहीत. नऊशे नव्व्याण्णव वेळा येत नाहीत. 'काही होत नाही' म्हणजे दुसरं काय? वाणी आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. उधारी नव्हती, असा नव्हे.

माझी चूक त्या रविवारी, मुलगी चढली आणि मी नको म्हटलं नाही, त्या क्षणी माझ्या खाती पडली. पुढे ट्रॅक्टर बांधाला अडला काय आणि न अडला काय, ती रक्कम बदलत नाही. त्या शेतकऱ्याच्या खाती पडलेली रक्कम तेवढीच, एक पैसाही जास्त नाही.

तत्त्वज्ञ अधिकाऱ्याने लगेच खोडी काढली. "असं लिहायला बसलात तर सगळंच गाव दिवाळखोर निघेल." निघू दे की. आम्ही बँकवाले दिवाळखोरीला इतके भीत नाही. न लिहिलेल्या देण्याला भितो. ज्याने देणं लिहून ठेवलं तो तरतूद करतो. हँडब्रेक ही तरतूद. खिट्टी ही तरतूद. काढून घेतलेली किल्ली ही तरतूद. ती भीतीने करायची नसते, आणि माणसावर अविश्वास म्हणूनही नाही. घरात देणं आहे हे माहीत असलेल्या माणसाने सणाला थोडा हात आखडावा, तशी करायची असते.

"आणि त्याचं दुःख?" अधिकाऱ्याने विचारलं. "तेही तुमच्याइतकंच?"

इथे मी बराच वेळ अडलो. मग लक्षात आलं, की आपण सगळे इथेच चुकतो. त्याचं दुःख हे चुकीच्या खात्यावरचं व्याज नाही. ते खातंच वेगळं आहे. दोन्ही खाती एकत्र करून आपण म्हणतो, एवढं मोठं दुःख झालं, म्हणजे चूकही तेवढीच मोठी असणार. आणि आपल्याला काही झालं नाही, म्हणजे आपली चूक नव्हतीच. अभागी माणसाला आपण दोनदा शिक्षा करतो, आणि आपण सुदैवी असलो की लगेच स्वतःला शहाणे समजतो. माझी मान हलली ती या हिशेबातल्या घोळाने.

परवा खंडेनवमीला पुन्हा सासुरवाडीला गेलो होतो. भाची आता अकरावीत आहे. ओट्यावर पाहुणे जमले होते. कुणीतरी म्हणालं, दाजींचा तो ब्रेकचा किस्सा होऊन जाऊ द्या. भाचीनेच नक्कल करून दाखवली. फार छान करते. सगळे हसून दमल्यावर मी म्हटलं, "या गोष्टीत एक चप्पल राहिली आहे." आणि सांगून टाकली. लाल रंगासकट. विनोदी लेखकाने स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या विनोदाचा असा खून करू नये, पण केला. ओट्यावर कुणी बोललं नाही. माझी बायको आत निघून गेली. भाचीने आपल्या पायांकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "फुवा, तो जोड मला चावायचा." एवढ्यावर सुटका झाली.

मेहुण्याला शोधत मी मागच्या अंगणात गेलो. तो रोटाव्हेटरखाली पाठीवर झोपून सुतळी कापत होता. पण आवाज नव्हता. इंजिन बंद होतं. रोटाव्हेटरखाली दोन्ही बाजूंना बाभळीचे जाड ओंडके दिलेले होते. हँडब्रेक ओढलेला होता. सालदाराच्या गळ्यात उपरणं नव्हतं. मी वाकून पाहिलं, किल्लीही जागेवर नव्हती.

"किल्ली कुठे आहे?"

तो सरपटत बाहेर आला. बनियन वर केलं. किल्ली त्याच्या करगोट्याला बांधलेली होती. "पोरं उगाच फिरवतात," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "त्या रविवारपासून."

"आणि मला इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोलला, दाजी?"

म्हणजे इतकी वर्षं ट्रॉलीभर लोकांना तो किस्सा सांगून हसवणारा हा माणूस आपल्या खात्यात देणं लिहून मोकळा झाला होता. व्यापारी पद्धतीने. बी. कॉम. न करता. नंतर भाचीकडून कळलं, की तेव्हापासून त्याने मडगार्डवर कुणालाही बसू दिलेलं नाही. प्रत्यक्ष सरपंचालाही नाही. त्या पायी एकदा भांडणही झालं म्हणे. यात्रेला आता एस. टी.ने जातात.

ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं आहे; नजरगहाण सुटलं आहे. बँकेची आता त्याच्यावर नजर नाही. पण मडगार्डवर चढणारी पोरं, पाइप धरणारा सालदार, ट्रॉलीत बसणारी म्हातारी माणसं, ही सगळी आपल्या ताब्यात असतात, आपली नसतात, आणि त्यांचं कर्ज कधी फिटत नाही. तो शेतकरी मला पुन्हा भेटला नाही. भेटला तर काय बोलायचं हे मला अजून सुचलेलं नाही. पण सही कुठे करायची हे नक्की सांगणार नाही.

निघताना मेहुण्याला म्हटलं, किल्ली अशी करगोट्याला बांधून फिरतोस, झोपताना टोचत नाही का?

त्याने कमरेवर हात मारला आणि म्हणाला, "काही होत नाही, दाजी."